मांडवातली ‘सोय’ आणि यजमानाची जबाबदारी



पुनरुत्थानाचा सण झाला की आपल्या वसईत पुन्हा मांडव उभे राहू लागतात. प्रायश्चित्तकाळात थांबलेली लग्ने पावसाच्या आत उरकायची असतात. हॉल, बँड, फुले, व्हिडिओवाला, जेवणाचा काँट्रॅक्टर हे सारे सहा-सहा महिने आधी ठरते. एक गोष्ट मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत कुणी मोठ्याने बोलत नाही. तिला आपण ‘सोय’ म्हणतो. ‘सोय आहे ना?’ असे पाहुणा हळूच विचारतो आणि ‘मागच्या बाजूला आहे, मामांना भेटा’ असे उत्तर मिळते. दारू हा शब्द दोघांपैकी एकानेही उच्चारलेला नसतो.

लग्नात दारू असावी की नसावी, हा वाद मी येथे काढणार नाही. काही घरांनी ती पूर्ण बंद केली आहे आणि त्यांचे कौतुकच केले पाहिजे. नातेवाइकांचे टोमणे ऐकून ते सोपे काम नाही. पण बहुतेक घरांत ती दिली जाते, हेही आपण सारे जाणतो. म्हणून प्रश्न असा विचारतो : आपल्या हाताने आपण पाहुण्याचा ग्लास भरला, तर त्यानंतर जे घडेल त्याला आपण किती बांधील? मांडवाच्या फाटकापर्यंत? त्याच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत? की ग्लास त्याच्या हातात गेला, तेव्हाच आपले काम संपले?

आधी कायद्याचे उरकून घेऊ. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. त्यानुसार पिणाऱ्याला परवाना लागतो. हॉलमध्ये किंवा मांडवात पाहुण्यांना दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता तात्पुरता परवाना काढावा लागतो. बीअर व वाईनसाठी वयाची २१ वर्षे आणि व्हिस्की, रम, ब्रँडीसाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात. हॉलवाल्याचा दर परवडत नाही म्हणून आपणच बाटल्या आणतो, आणि इथेच घोटाळा सुरू होतो. दमणहून डिकीत घालून आणलेला खोका स्वस्त पडतो खरा, पण त्यावर महाराष्ट्राचा कर भरलेला नसतो. तो आपल्या हद्दीत आणणे हाच गुन्हा आहे. नात्यातल्या माजी सैनिकाच्या कॅन्टीनच्या बाटल्या त्याच्या स्वतःच्या वापरासाठी असतात, तीनशे पाहुण्यांसाठी नसतात.

आणखी एक कलम फारच थोड्या लोकांना माहीत असते. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ‘घे रे, मामाच्या लग्नात एक घोट चालतो’ असे म्हणून अकरावीतल्या भाच्याच्या हाती ग्लास देणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण अभियंते ठार झाले. तेव्हा गाडी चालवणाऱ्या मुलाबरोबरच, त्याला जिथे दारू दिली गेली तिथल्या जबाबदार माणसांनाही पोलिसांनी अटक केली होती.

कागद नीट असले म्हणजे यजमान सुटला का? प्रौढ पाहुण्याने पिऊन अपघात केला म्हणून घरच्या यजमानाला भरपाई द्यायला लावणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. परदेशात मात्र या प्रश्नाचा कोर्टात कीस पाडला गेला आहे. त्यातले दोन खटले मला आपल्यापुढे मांडावेसे वाटतात, कारण दोन्हींतली माणसे अगदी आपल्यासारखी आहेत.

पहिला खटला अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातला. १९८० च्या जानेवारीत एका गृहस्थाने ओळखीच्या माणसाला घरी बसवून स्कॉच पाजली. निघताना यजमान त्याच्याबरोबर गाडीपर्यंत गेला, दोन शब्द बोलला आणि गाडी निघालेली पाहून घरात आला. पंचवीस मिनिटांनी त्याने त्या माणसाच्या घरी फोन केला, नीट पोहोचला ना हे विचारायला. बायकोने सांगितले की समोरासमोर टक्कर झाली आहे. दुसऱ्या गाडीतली स्त्री गंभीर जखमी झाली होती. त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली म्हटले की पाहुणा नशेत आहे आणि आता गाडी चालवणार आहे हे ठाऊक असूनही जो त्याला पाजतो, त्या यजमानालाही जखमी झालेल्या तिसऱ्या माणसाला उत्तर द्यावे लागेल.

दुसरा खटला कॅनडाचा. १९९८ सालच्या शेवटच्या रात्री एका घरी नववर्षाची पार्टी होती. ज्याने त्याने आपापली दारू आणायची, असे ठरले होते. यजमानांनी मध्यरात्री थोडीशी शँपेन काय ती वाटली. एक पाहुणा भरपूर पितो हे त्यांना माहीत होते. तो निघाला तेव्हा यजमान त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला आणि ठीक आहेस ना, असे त्याने विचारले. पाहुण्याने काही अडचण नाही असे सांगितले आणि तो गेला. पुढे झालेल्या टकरीत समोरच्या गाडीतला एक जण ठार झाला आणि अठरा वर्षांची एक मुलगी कायमची लुळी झाली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली यजमानाला जबाबदार धरले नाही. पाहुणा प्रौढ आहे, आपले बरेवाईट त्याला कळते. केवळ पार्टी दिली म्हणून रस्त्यावरच्या अनोळखी माणसांची जबाबदारी यजमानावर येत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे पडले.

दोन्ही यजमान गाडीपर्यंत गेले होते, हे लक्षात घ्या. दोघांच्याही मनात शंका आली होती, म्हणून तर एकाने विचारले आणि दुसऱ्याने फोन केला. चावी मात्र दोघांनीही मागितली नाही.

कॅनडाच्या न्यायालयाचे म्हणणे मला एकदम झटकून टाकावेसे वाटत नाही. पाहुण्याला शाळकरी पोर समजणे हाही त्याचा अपमानच आहे. चाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस किती प्यायला हे मोजत यजमान मागे फिरू लागला, तर ते लग्न राहणार नाही. शिवाय ज्याने गाडी चालवली त्याचा दोष दुसऱ्यावर लोटण्याची सवय समाजाला लागली, तर कुणीच स्वतःला आवरणार नाही. हे सारे खरे आहे. पण त्याच निकालात एक दार उघडे ठेवलेले आहे. ज्या यजमानाने धोका स्वतः निर्माण केला किंवा वाढवला, झिंगलेला माणूस गाडी चालवणार हे माहीत असून त्याला ओततच राहिला, त्याची गोष्ट वेगळी असू शकते, असे न्यायालय सुचवते.

आता आपल्या मांडवाकडे या. आपला यजमान बाटली टेबलावर ठेवून बाजूला होतो का? आपल्याकडे आग्रह असतो. एकेकाळी जिलेबीचा असे, आता पेगचा असतो. ‘आमच्या पोरीच्या लग्नात नाही घेणार तर कधी?’ ‘व्याही, एवढ्यावर थांबलात तर मी रागावेन.’ ‘अरे, याचा ग्लास रिकामा कसा?’ नको म्हणणाऱ्याच्या ग्लासावरचा हात बाजूला करून ओतणारे आपण पाहिलेले आहेत, आणि ते प्रेमाने ओततात हीच तर अडचण आहे. हबक्कूक संदेष्ट्याने शेजाऱ्याला पाजून झिंगवणाऱ्याला धिक्कार उच्चारला आहे. त्याचा रोख पिणाऱ्यावर नसून पाजणाऱ्यावर आहे. पाहुणा प्रौढ आहे, त्याचे त्याला कळते, हा बचाव ज्याने त्याचे ‘नको’ ऐकले त्यालाच शोभतो. ज्याने ते मोडून काढले, त्याला तो कसा करता येईल?

या आग्रहाचा सर्वांत वाईट मार दारू सोडलेल्या माणसावर बसतो. आपल्या गावांत अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना जाणारे पुरुष आहेत. त्यांच्या बायकांनी काय सोसले आहे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असते. अशा माणसाला भर मांडवात, चार जणांसमोर ‘आजच्या दिवस चालते रे’ म्हणणे म्हणजे काय करणे आहे, हे म्हणणाऱ्याने त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला विचारावे.

काही घरे दुसरी वाट काढतात. कटकट नको म्हणून यजमान दारू मांडवात ठेवतच नाही. पोरे हॉलच्या मागे, गाडीच्या डिकीपाशी किंवा बावखलाच्या काठावर अंधारात उभी राहून घेतात. ‘आम्ही काही ठेवले नव्हते’ असे मग म्हणता येते. कॅनडाच्या निकालाकडे पाहिले तर यजमान असा सुरक्षित होतोही. पण पाहुण्याचे काय झाले? तो उपाशीपोटी, भरभर, मोजमाप न ठेवता प्यायला, आणि त्याच्याकडे लक्ष ठेवणारे जाणते माणूस तिथे कुणी नव्हते. यजमानाची जोखीम कमी झाली तेवढी पाहुण्याची वाढली. कॅथलिक ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ दुसऱ्याच्या पापात आपण कसकसे वाटेकरी होतो हे सांगताना, रोखणे आपले कर्तव्य असताना न रोखणे हाही एक मार्ग सांगतो. दिसू नये म्हणून मुद्दाम केलेला अंधार त्यातच मोडतो, असे मला वाटते.

जुन्या करारात, अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, एक लहानसा नियम आहे. नवे घर बांधशील तेव्हा धाब्याला कठडा बांध; नाहीतर कुणी वरून पडला तर त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा त्याचा आशय. त्या देशात धाबे सपाट असत. माणसे संध्याकाळी वर बसत, पाहुणे वर झोपत. वर चढणारा माणूस डोळस आहे, प्रौढ आहे. काठापर्यंत जायचे की नाही हे त्याला कळते. तरीही नियम त्याला काही सांगत नाही, घरमालकाला सांगतो. आणि कठडा बांधायचा तो कुणी वर चढायच्या आधी. पाहुणा काठावर डुलू लागल्यावर धावत जाऊन त्याचा हात धरणे हे वेगळे काम आहे आणि बहुधा ते जमत नाही. रात्री बारा वाजता झिंगलेल्या मेहुण्याच्या हातातून मोटारसायकलची चावी काढून घेण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आमच्या आजोबांच्या काळी हा कठडा आपोआप असे. वऱ्हाड त्याच आळीतले किंवा शेजारच्या गावातले, पायी किंवा बैलगाडीने आलेले. कुणाला जास्त झाली तर तो फार तर बांधावरून शेतात घसरे. पुतणे उचलून आणत, आणि वर्षभर त्याची थट्टा चाले. लांबचे पाहुणे मांडवातच सतरंजीवर झोपत. आज त्याच माणसाच्या हातात मोटारसायकल आहे, मागे बायको आणि दोघांच्या मध्ये झोपेला आलेले मूल. समोरून पहाटेच्या गाडीसाठी भाजीची टोपली घेऊन स्टेशनकडे निघालेली बाई आहे. तिला लग्नाचे आमंत्रणही नव्हते.

थोडा हिशेबही द्यायला हवा, कारण ‘मला काही होत नाही’ हे वाक्य सर्वांत जास्त ऐकू येते. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. तीस मिलिलिटरच्या लहान पेगमध्ये ते सुमारे १० ग्रॅम भरते, आणि एवढे जिरवायला शरीराला ढोबळमानाने एक तास किंवा थोडा अधिक वेळ लागतो. साठचा पेग घेतला की दोन तास. ‘मी फक्त बीअर घेतो’ म्हणणाऱ्याने ऐकावे : आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे चार लहान पेग. थंड पाण्याने तोंड धुणे, लिंबू चोखणे, काळी कॉफी, उलटी काढणे यांपैकी कशानेही रक्तातले अल्कोहोल लवकर जिरत नाही. माणूस जागा मात्र होतो आणि आपण ठीक आहोत असे त्याला वाटू लागते. मोटार वाहन कायद्याची मर्यादा रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे. मध्यम बांध्याच्या माणसाने उपाशीपोटी एक मोठा पेग भरभर घेतला तरी ती ओलांडली जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. दंड भरता येतो. भाजीवाल्या बाईचा पाय परत देता येत नाही.

‘प्रभूनेच काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला,’ हे पिणाऱ्यांचे आवडते शास्त्रवचन. (बाकीचे शुभवर्तमान त्यांना तेवढे पाठ नसते.) केला, हे खरेच आहे, आणि सहा दगडी रांजण भरून केला. त्या प्रसंगाला दारूविरोधी प्रवचन बनवण्याची खटपट कुणी करू नये. पण योहानाने तिथे आणखी एका माणसाचा उल्लेख केला आहे. तिथे भोजनाचा एक कारभारी होता. नवा द्राक्षारस सेवकांनी थेट पंक्तीत नेला नाही, तो आधी त्याच्याकडे नेला. काय वाढले जाते आणि कधी वाढले जाते याकडे पाहणारे नेमलेले माणूस त्या लग्नातही होते.

आपल्या मांडवात हा कारभारी कोण असतो? बहुधा बाटल्यांची किल्ली ज्याच्या खिशात असते तो मामा, आणि तो स्वतः सर्वांच्या आधी सुरुवात करतो. मला वाटते, हे काम त्या दिवशी मुळीच न पिणाऱ्या, पोक्त आणि थोड्या करारी माणसाला आधीपासून सांगून द्यावे. नवरदेवाच्या मित्राकडे ते देऊ नये. त्याला कुणी जुमानणार नाही. वधूच्या आत्याला किंवा मोठ्या काकूला दिले तर अधिकच उत्तम. काकू समोर बसल्या असता तिसरा पेग मागायला जीभ जड होते. टेबल उजेडात, जेवणाच्या जवळ असावे. ओतायला मोजमाप असावे, बाटली हातोहात फिरू नये. आणि दहा वाजता बँड थांबतो तेव्हा टेबलही मिटलेले असावे. आपल्याकडे उलटे होते : वाजप थांबते, बायका-मुले जेवून रिक्षा शोधतात आणि पुरुषांची खरी बैठक तेव्हा सुरू होते. दोन रिक्षावाल्यांना रात्री एकपर्यंत थांबायला सांगून आधीच पैसे दिले तर तो खर्च फुलांच्या कमानीपेक्षा कमी येतो. लांबच्या पाहुण्यांसाठी शेजारच्या दोन घरांत अंथरुणे मागून ठेवायला तर पैसेही लागत नाहीत.

‘व्याह्यांना काय वाटेल?’ ही शंका येणारच. लग्नाच्या रात्री अचानक टेबल मिटले तर त्यांना वाईट वाटेल, हे मान्य. साखरपुड्याच्या वेळी, देण्याघेण्याची आणि मेनूची बोलणी होतात तेव्हाच हेही बोलून टाकले, तर कुणाचा मान जात नाही. अनेकदा पलीकडची मंडळीही हाच विषय कसा काढावा या विवंचनेत असतात. त्यांच्याकडेही एखादा मेहुणा असतोच.

एक माणूस या साऱ्यात सुटून जातो. वऱ्हाड आणणाऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर. तो बिचारा दुपारपासून बाहेर उभा असतो, आणि कुणीतरी भला माणूस दयेपोटी त्याला एक क्वार्टर नेऊन देतो. परतताना त्याच्या मागे वीस-पंचवीस माणसे बसायची असतात, बरीचशी म्हातारी आणि लहान मुले. त्याला पहिल्या पंक्तीत ताट द्यावे, बसायला खुर्ची द्यावी, थंड पाणी द्यावे. क्वार्टर द्यायचीच असेल तर ती दुसऱ्या दिवशी, भाडे चुकते करायला जाल तेव्हा त्याच्या घरी द्यावी.